ट्रॅक नसलेल्या गावातून बाइक रेसिंगला जायचं असेल तर

दर पंधरा दिवसाला कुणीतरी विचारतंच, कधी जालन्याचं पोरगं असतं, कधी अंबाजोगाईचं, की दादा मला रेसर व्हायचंय, कोणती बाइक घेऊ? मी म्हणतो बाइकचं नंतर बघू, आधी तू रात्री किती वाजता झोपतो ते सांग. मग पोरगं गप्प होतं. पण मी मनापासूनच विचारत असतो.

मी संभाजीनगरचा, वाळूजला शिफ्टमध्ये काम करतो, आणि गेली काही वर्षं सुट्ट्या साठवून चेन्नईला नवख्यांच्या क्लासमध्ये (म्हणजे नवख्या रायडरच्या गटात) रेस मारायला जातो. तिथं शेजारच्या पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला बाइका ठेवायची, दुरुस्तीची जागा) नॅशनल चॅम्पियनशिपचे रायडर बसलेले असतात, त्यांच्याकडं बघून बघून जे कळलं ते इथं लिहायलोय. पहिल्यांदा एकाच्या लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एकेका फेरीच्या, वेळा बघितल्या तेव्हा मी चक्रावलो होतो, लागोपाठ सहा लॅप आणि सगळ्यांमधला फरक अर्ध्या सेकंदाच्या आत. माझ्या तेव्हाच्या लॅपमध्ये तीन-तीन सेकंदांचा फरक पडायचा, एक लॅप भारी गेली की पुढच्या लॅपला ब्रेकिंग चुकलेलं. त्या दिवशी डोक्यात बसलं की हे लोक आधी सारखेपणा आणतात, वेग त्याच्यावर नंतर चढवतात. आणि बघा, सारखेपणाची बरीचशी तयारी घरी बसून होते, त्याला ट्रॅक लागत नाही, म्हणून मराठवाड्यातल्या पोरापोरींनी ट्रॅक नाही ट्रॅक नाही म्हणत बसायची गरज नाही.

आपल्याकडं शंकरपट बघितलाय ना, बैलजोडी पळते काही सेकंदच, पण त्या सेकंदांसाठी मालक वर्षभर तिचं खाणं, चालणं, मालिश सांभाळत असतो. इथंही तसंच आहे, फरक इतकाच की जोडीही आपणच आणि मालकही आपणच.

सगळ्यात आधी रस्त्यावरची रेस बंद

हे पहिल्या नंबरला मुद्दाम ठेवलंय. बीड बायपास, दौलताबादचा रस्ता, कन्नडचा घाट, इथं रात्री बाइका पळवणारी पोरं मला माहितीयेत, त्यातली एक-दोन खरंच हुशार आहेत. पण रस्त्यावर शिकलेलं ट्रॅकवर उपयोगी तर पडत नाहीच, उलट मोडावं लागतं. रस्त्यावर आपण कायम थोडं घाबरून, समोर काय येईल या अंदाजानं चालवतो, ट्रॅक्टर येतो, म्हैस येते, वाळू सांडलेली असते, त्यामुळं नजर पुढच्या चाकाजवळच राहते, आणि ट्रॅकवर नेमकी तीच सवय नडते. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणं गुन्हा आहे, आणि समृद्धीवर तर दुचाकीला जायलाच परवानगी नाही, तरी कुणी ना कुणी विचारतंच. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं तुमच्या रेसची एन्ट्री भरलेली नसते, त्याला घरी लेकरं असतात. एवढं पटत असेल तर पुढं वाचा.

अंग तयार करणं, हे सगळ्यात जास्त वेळ खातं

लोकांना वाटतं बसून तर चालवायचंय, दम कशाला लागतो. पहिल्या ट्रॅक डेला (रेस नसताना ट्रॅकवर नुसता सराव करायचा दिवस) पंधरा मिनिटांचं एक सेशन झालं की उत्तर मिळतं, मांड्या थरथरतात, पंजे आखडतात, हेल्मेट काढता येत नाही.

कारण काय ते सांगतो. मोटोजीपीचं, म्हणजे जगातल्या सगळ्यात वरच्या बाइक रेसिंग स्पर्धेचं टोक घ्या, इटलीच्या मुजेलो ट्रॅकवर २०२३ साली ब्रॅड बाइंडरनं ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला, आणि त्याच सरळ रस्त्याच्या शेवटी पहिल्या वळणासाठी शंभरच्या खाली यावं लागतं, तेही साधारण तीनशे मीटरात. तेव्हा सगळं अंग पुढं फेकलं जातं, ते जर हातांनी अडवलं तर चार लॅपमध्ये हात संपले. म्हणून हे लोक गुडघ्यांनी टाकी दाबून धरतात, पोट आणि पाठीनं अंग सांभाळतात आणि हात मोकळे ठेवतात, कारण हँडल मोकळं राहिलं तरच पुढचं चाक काय म्हणतंय ते कळतं. आपल्या दोनशे सीसीच्या बाइकवर वेग निम्माही नसेल पण गणित तेच.

हातांचा एक खास आजार आहे, त्याला पिटमध्ये सगळे आर्म पंप म्हणतात. मनगट ते कोपर हा भाग दगडासारखा कडक होतो, स्नायू फुगतो पण त्याच्यावरचं आवरण ताणत नाही, मग रक्त नीट फिरत नाही आणि बोटांची ताकद जाते, ब्रेक किती दाबलाय तेच समजत नाही. मोटोजीपीतल्या दानी पेड्रोसासारख्या रायडरला २०१५ साली यासाठी ऑपरेशन करून काही रेस सोडाव्या लागल्या होत्या. नवख्यांमध्ये याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, हँडल गच्च आवळणं. त्यामुळं डंबेल मारून हात जाड करण्याच्या मागं लागू नका, मांड्या, पोट, पाठ आणि मान मजबूत करा.

माझा आठवडा असा असतो, तुम्ही तुमच्या कामाप्रमाणं बदला. चार दिवस सायकल, त्यातले दोन दिवस सपाट रस्त्यावर तासभर आरामात, बोलता येईल इतक्याच दमानं, आणि दोन दिवस चढ, म्हणजे आमच्याकडं दौलताबाद ते खुलताबादचा घाट किंवा वेळ असला तर पुढं म्हैसमाळ. लातूर-परभणीकडं घाट नसला तर समोरून वारं असताना चालवा, तोही चढच आहे. तीन दिवस उठाबशा, प्लँक, पुलअप, आणि हात डोक्यावर लावून मानेनं हाताला ढकलायचा व्यायाम. पोहता येत असेल तर विहीर-तलाव सोडून नीट पूल बघा, श्वासावर ताबा येतो. जिम लागत नाही. आणि झोप सात-आठ तास, नाइट शिफ्टवाल्यांना अवघड जातं हे मला चांगलं माहितीय, पण नाइटच्या आठवड्यात मी बाइकवर सराव करतच नाही, नुसता व्यायाम करतो.

आता उन्हाचं. आपल्याला वाटतं आम्ही मराठवाड्याचे, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री अंगावर काढतो, आम्हाला चेन्नईचं काय वाटणार. मलाही तसंच वाटलं होतं आणि पहिल्याच वर्षी फटका बसला. आपलं ऊन कोरडं असतं, घाम आला की उडून जातो आणि अंग गार होतं. चेन्नईच्या दमट हवेत घाम उडतच नाही, लेदर सूटच्या आत नुसता वाहत राहतो, अंग तापतच जातं. दुसऱ्या सेशनमध्ये मला एका वळणावर ब्रेकची खूण दिसलीच नाही, म्हणजे डोळ्यासमोर होती पण डोक्यानं घेतली नाही, आणि मी सरळ मातीत गेलो. पडलो नाही, पण पिटमध्ये आल्यावर हात कापायलेले आणि सकाळपासून लघवीला गेलोच नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून दोन दिवस आधीपासून पाणी वाढवतो, आणि सेशनमध्ये साधं पाणी न पिता एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे, लिंबू पिळून. लघवीचा रंग बघत राहा, गडद पिवळा असला तर अजून कमी पितायत. सूट पिटमध्ये कमरेपर्यंत उतरवून सावलीत बसा, मिरवायला पूर्ण चेन लावून फिरू नका.

खाण्याचं थोडक्यात, रेसच्या दिवशी नवीन काही खायचं नाही. घरून दशम्या, केळी, गूळ-शेंगदाणे नेले तरी चालतं, भजे-वडे पाव मात्र संध्याकाळी.

मुरमाच्या मैदानात आठ काढा

हा माझा सगळ्यात आवडता भाग. मार्क मार्केझ काय नि व्हॅलेंटिनो रॉसी काय, मोटोजीपीवाले सुद्धा मोकळ्या दिवसांत मातीत बाइक चालवतात, रॉसीनं तर तवुलियाला स्वतःच्या गावाजवळ मातीचा ट्रॅकच बनवला आणि तिथं पोरं तयार केली. मातीत कमी वेगात टायर घसरतो, आणि घसरतंय हे अंगाला कळायला लागतं, डांबरावर तेच शिकायला गेलं तर हाडं मोडतात.

आपल्याकडं मुरमाला काय तोटा आहे? एखादं मोकळं मैदान बघा, मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून घ्या, पेरणी नसलेलं शेत असलं तरी काळ्या मातीच्या रानात जाऊ नका, भेगा पडलेल्या असतात आणि चाक अडकतं. जुनी शंभर सीसीची स्प्लेंडर वगैरे पुरेशी आहे. वाळू भरलेल्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या पंधरा-वीस पावलांवर ठेवा (विटा-दगड ठेवू नका, पडलात तर त्याच्यावरच पडता) आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढत राहा. पहिले पंधरा मिनिटं फक्त नजरेवर लक्ष, म्हणजे एका बाटलीला वळसा घालत असतानाच मान फिरवून दुसऱ्या बाटलीकडं बघायचं. बाइक नजरेमागं जाते, हे ऐकून सगळे मान हलवतात पण करून बघितल्याशिवाय पटत नाही. मग सरळ रेषेत ब्रेकिंग, ठरलेल्या खुणेवर ब्रेक धरायचा आणि थांबलेली जागा पावलांनी मोजायची, दहा वेळा. दहापैकी आठ वेळा एका पावलाच्या आत थांबलात की थोडा वेग वाढवा. पुढचा ब्रेक झटक्यात न मारता आधी हलका, मग वजन पुढं आलं की जास्त, असा दाबायचा, लिंबू पिळतो तसा.

एक मित्र सोबत पाहिजेच, एकट्यानं मैदानात जायचं नाही. आणि हेल्मेट, बूट, ग्लोव्ह, गुडघ्या-कोपराचे गार्ड घालूनच, शेतात तर चालवायलोय असं म्हणून चप्पल घालून सुरू होणारे बघितलेत मी.

लायसन्स, शाळा आणि ट्रॅक कुठंय

भारतात रेसिंगचा कारभार एफएमएससीआय बघते, तिचं कॉम्पिटिशन लायसन्स काढावं लागतं, त्यासाठी वयाचा पुरावा, डॉक्टरचं फिटनेसचं सर्टिफिकेट, ब्लड ग्रुप असली कागदपत्रं लागतात आणि अठराच्या आत असाल तर आईवडिलांची सही. नियम दरवर्षी थोडे बदलतात म्हणून संस्थेच्या साइटवरूनच बघून घ्या, कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, माझ्याही नाही.

जुने, नावाजलेले ट्रॅक तीन. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, साधारण ३.७ किलोमीटर आणि बारा वळणं, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटर, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटर, जिथं सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली आणि मार्को बेझेक्की जिंकला. नवख्यांचं काम बहुतेक चेन्नई-कोइंबतूरलाच होतं. म्हणजे आपल्याला हजार किलोमीटरच्या वर जाणं आलं, हे गणित घरच्यांसमोर आधीच मांडा.

पहिल्यांदा थेट रेसला जाऊ नका. आधी ट्रेनिंग स्कूल, तिथं वर्ग असतो, ट्रॅकवर प्रशिक्षक मागून-पुढून चालवतो आणि प्रत्येक सेशनला एकच गोष्ट शिकवतो. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग चेन्नईच्या ट्रॅकवर होत आलेत, भारतीय शाळाही आहेत. नंतर वन मेक कप बघा, म्हणजे टीव्हीएससारखी कंपनी सगळ्यांना सारखीच बाइक देते, निवड चाचणी घेते, त्यामुळं ज्याच्या खिशात जास्त त्याची बाइक फास्ट असा प्रकार राहत नाही. आपल्यासारख्यांसाठी हाच सगळ्यात सरळ दरवाजा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःची बाइक बनवून उतरणारे पहिल्या वर्षी टायर, वाहतूक आणि पडल्यावरचे पार्ट यातच दमून जातात.

पोरींनो, तुम्हीही. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ ला एफआयएमच्या (बाइक रेसिंगची जागतिक संस्था) बाहा वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे माती-वाळूतल्या रॅलीच्या स्पर्धेत, महिलांचं विजेतेपद घेतलंय. आणि ज्यांना डांबरापेक्षा माती ओढते त्यांनी रॅलीचा रस्ता धरा, सी. एस. संतोष २०१५ ला डकार ही वाळवंटातली अवघड रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला आणि हरिथ नोआनं २०२४ च्या डकारमध्ये रॅली टू हा क्लास जिंकला. मुरमातच वाढलेल्या पोरांना तिकडं जास्त जमेल असं मला राहून राहून वाटतं.

गिअर आणि बाइक

पैसे कमी असतील तर बाइकवर कमी घाला, अंगावर जास्त. हेल्मेट फुल फेस, डबल डी रिंगच्या पट्ट्याचं (दोन कड्यांतून ओवून आवळायचा पट्टा), आणि आयोजक कोणतं सर्टिफिकेशन मागतात ते आधी बघूनच घ्या. सेकंडहँड लेदर सूट चालेल (शिवण आणि चेन तपासून), सेकंडहँड हेल्मेट कधीच नाही, कारण आत काय दबलंय ते बाहेरून दिसत नाही. ग्लोव्ह मनगट झाकणारे, बूट घोट्याच्या वर, पाठीचा आणि छातीचा प्रोटेक्टर. मोटोजीपीत २०१८ पासून सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे, परवडली तर घ्या, खांद्याचं हाड वाचतं.

बाइकवर आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, स्टँड काढायचे, काच राहिली तर टेप लावायचा. ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टर तारेनं बांधायचा, कारण तो सुटला तर तुमच्या मागचे दहा जण तेलावर पडतात. लिक्विड कूल्ड असेल तर कूलंट काढून साधं पाणी, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की साबणासारखं होतं. टायरची हवा थंड असताना कमी ठेवतात कारण गरम झाल्यावर ती वाढते, किती ते टायरप्रमाणं बदलतं, तिथल्या टायरवाल्याला विचारा आणि स्वतःचा गेज ठेवा. सोबत क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, फूटपेग, गिअर पेडल, क्लच केबल, फ्यूज हे न्याच, पडल्यावर हेच मोडतं.

ट्रॅकवर पोचल्यावर

एक दिवस आधी पोचा आणि परवानगी असेल तेव्हा ट्रॅक पायी फिरा. प्रत्येक वळणाला चार खुणा ठरवायच्या, ब्रेक कुठं धरायचा, बाइक कुठं आत टाकायची, आतला काठ कुठं शिवायचा आणि बाहेर कुठं निघायचं. खूण हलणारी नको, उभी गाडी किंवा सावली नको, सावली दुपारी सरकते. डांबराचा जोड, बोर्ड, कर्बचा (वळणाच्या कडेचा रंगीत काठ) रंग बदलतो ती जागा असं काहीतरी पक्कं.

मग रात्री खोलीत डोळे मिटून मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं आणि डोक्यात एक लॅप मारायची, प्रत्येक गिअर, प्रत्येक ब्रेकसकट. पहिल्या वेळी माझी डोक्यातली लॅप सव्वा मिनिटात संपली होती आणि खरी दोन मिनिटांच्या पुढं होती, म्हणजे निम्मी वळणं मला आठवतच नव्हती. डोक्यातली वेळ आणि खरी वेळ जवळ यायला लागली की समजायचं ट्रॅक आत गेलाय. हा सराव संभाजीनगरात घरी गादीवर बसूनही होतो, त्या ट्रॅकचे बाइकवरून काढलेले व्हिडिओ आधी पन्नास वेळा बघा.

झेंडे पाठ पाहिजेत, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आले पाहिजेत. पिवळा म्हणजे पुढं धोका आणि ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये या, निळा म्हणजे मागून फास्ट रायडर येतोय, पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता घसरडा, काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर म्हणजे तुमच्या बाइकमध्ये बिघाड आहे, लगेच ट्रॅक सोडून बाहेर व्हा. मागून कुणी येतंय असं वाटलं तरी वळून बघू नका आणि जागा द्यायला अचानक बाजूला होऊ नका, आपली रेष धरून ठेवा, निघून जाण्याची जबाबदारी मागच्याची असते.

प्रॅक्टिसच्या प्रत्येक सेशनला एकच काम ठरवा. पहिल्यात फक्त खुणा, दुसऱ्यात फक्त ब्रेक कुठं सोडतोय ते, तिसऱ्यात एक्सिलेटर कधी उघडतोय ते. वळणात उशिरा ब्रेक मारून शौर्य दाखवण्यापेक्षा थोडं आधी हळू होऊन लवकर एक्सिलेटर उघडता आला तर सरळ रस्त्यावर त्याचा फायदा शेवटपर्यंत मिळतो. सेशन संपलं की दुसऱ्यांशी गप्पा मारायच्या आधी वही. ट्रॅकचा नकाशा काढून प्रत्येक वळणासमोर गिअर, काय चुकलं, काय जमलं. मोबाइलमध्ये नको, घामट बोटांनी टाइप करायला कंटाळा येतो आणि राहून जातं.

रेसचा दिवस

नवख्यांची रेस सहा-आठ लॅपची असते, वाटतं किती लहान, पण पहिल्या लॅपलाच निम्मे जण पडायच्या बेतात असतात. मोठ्या लेव्हलला टायर आधीच गरम पट्ट्यांमध्ये गुंडाळून तापवतात, आपल्या क्लासमध्ये बहुतेक तसं नसतं, म्हणून वॉर्मअप लॅप गांभीर्यानं घ्या, आणि पहिल्या दोन लॅप टायर अजून थंड आहे हे धरूनच चालवा. ग्रिडवर (रेस सुटायच्या आधी रांगेत उभं राहायची जागा) लाल दिवे विझले की सुटायचं, तेव्हा क्लच हळू सोडण्याचा सराव मैदानात शंभर वेळा झालेला पाहिजे.

छाती धडधडते, ते चांगलंच आहे, अंग तयार होतंय. मी ग्रिडवर फक्त पहिल्या वळणाची ब्रेकची खूण आठवतो, दुसरं काही नाही. बाकी डोक्यात नंबर, पोडियम, घरचे, खर्च झालेले पैसे असलं काही आलं की हात आवळले जातात, आणि हात आवळले की काय होतं ते वर सांगितलंच.

पडलात तर

पडणार आहात. बाइक हातातून सोडून द्या, घसरत असाल तर घसरू द्या, पूर्ण थांबल्याशिवाय उठायचा प्रयत्न करू नका, अंग अजून वेगात असतं आणि पाय मुरगळतो. थांबलात की मागून कोण येतंय ते बघून बॅरियरच्या मागं जा, बाइकचं मार्शल (ट्रॅकवर सुरक्षा बघणारी माणसं) बघतील. डोक्याला मार लागला असेल, गरगरत असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत परत बसायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी.

इथं मार्केझचंच उदाहरण देतो. जुलै २०२० ला स्पेनमधल्या हेरेझला त्याच्या दंडाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि काही दिवसांतच तो परत बाइकवर बसायला गेला, मग हाड जोडायला बसवलेली धातूची प्लेट मोडली, पुढं त्याच हातावर एकूण चार ऑपरेशन झाली, चौथं २०२२ मध्ये. परत वर्ल्ड चॅम्पियन व्हायला २०२५ उजाडलं. जगातले सगळ्यात चांगले डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाची ही गत, मग आपण प्लास्टर आठवडाभर आधी कापून घ्यायचं कशाला?

घरी परत येताना बाइक छोट्या हत्तीत बांधायच्या आधी चेन, ब्रेक पॅड, हँडलचे नट, चाकाचे बेअरिंग बघून घ्या आणि काय बदलायचं ते तिथंच वहीत लिहा, घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी शिफ्ट असते आणि विसरतं. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आत्ता लिहिलंय, चौथ्या वळणाला अजून नजर उशिरा जायलीय, मागचे पॅड बदलणे, मैदानात डाव्या बाजूचे आठ जास्त काढणे. रविवारी सकाळी सहाला मैदानात असतो मी.